बुधवारचा फोड

लाँड्रीवाल्यांच्या मुलीला बटण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा बाप कुणाच्या तरी कोटाचं तुटलेलं बटण शोधत काउंटरखाली ओणवा झाला होता. गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं. त्याने खालूनच मान वर केली, दुपट्यातलं एवढंसं तोंड पाहिलं आणि ओरडला, "सापडलं!" झालं, त्या दिवसापासून ती बटण. खरं नाव जन्मदाखल्यावर आहे. ते बिचारं तिथेच घडी घालून पडलंय.

लाँड्री म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या आणि वर राहायचं घर. पुढच्या खोलीत काउंटर आणि छतापर्यंत टांगलेले कपडे. मागच्या खोलीत गोल पोटाचं धुलाईचं मशीन, बॉयलर, वाफेची इस्त्री, आणि खिडकीखाली डाग काढायचं टेबल. मशीन आणि बॉयलर बटणच्या बापाच्या ताब्यात. त्यांच्याशी तो बायकोपेक्षा जास्त बोलतो. "चल रे राजा, एवढा लॉट काढ, मग झोप," असं त्याचं दिवसभर चाललेलं असतं. टेबल मात्र बटणच्या आईचं. शाई, तेल, गंज, लिपस्टिक, काही दिसलं की तिचे हात शिवशिवतात.

माहेरी तिला धाकटी म्हणतात, म्हणून आपणही धाकटीच म्हणू. माहेर म्हणजे तरी काय, एक थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून हिच्या वेण्या घालणं, हिला शाळेत सोडणं, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं थोरलीनेच केलं. स्वतःचं लग्न करायला तिला सवड झाली नाही. विचारलं तर म्हणते, "बरं झालं, एकीला वाढवतानाच पाठ मोडली." ती एका चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना खुर्चीत बसवायचं, डोळ्यांवर जड फ्रेम चढवायची आणि म्हणायचं, "आता वाचा. आता? मगाचचं बरं होतं की हे?" धाकटी तिला ताई म्हणते आणि बटण म्हणते माऊ.

बटणला चौथं लागलं आणि एक दिवस तिला आंघोळ घालताना बेंबीच्या खाली एक फोड दिसला. वाटाण्याएवढा, टम्म, आत स्वच्छ पाणी. धाकटीला वाटलं, काहीतरी चावलं असेल. तो सुकला, पण त्याच्या कडेने नवे उठले, गोल रिंगण धरून, एखाद्या ताटलीच्या काठाने मणी मांडावेत तसे. मग मांड्यांवर. मग ओठांच्या कडेला. रात्रंदिवस खाज. पोर खाजवून खाजवून रडायची आणि रडून रडून खाजवायची.

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी मलम दिलं, मग गोळ्या, मग दुसरं मलम. थोडं बसायचं, पुन्हा उठायचं. तिसऱ्या खेपेला त्यांनी बटणला तपासता तपासता नाक वर केलं आणि धाकटीच्या बाहीचा वास घेतला.

"तुम्ही काय काम करता हो?"

"लाँड्री आहे आमची."

"मग आणखी काय हवं?" ते म्हणाले. "दिवसभर ती रसायनं, आणि त्याच हातांनी पोरीला घेता."

माणूस वाईट नव्हता. बोलून गेला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पण धाकटीच्या मनावर ते शाईसारखं पडलं आणि पसरत गेलं. तिने हातमोजे घातले. बटणचे कपडे वेगळे, साध्या पाण्यात, खळखळून धुतले. बटणला खाली लाँड्रीत यायची बंदी केली. तरी फोड येतच राहिले. मग तिने मनाशी ठरवून टाकलं की जिन्यातून वर येणारी वाफ, भिंती, गाद्या, ती स्वतः, सगळंच बाधतंय. एका रविवारी तिने बटणच्या फ्रॉकांची पिशवी भरली आणि पोरीला ताईकडे नेऊन सोडलं.

नवरा म्हणाला, "अगं, मी या वाफेत लहानाचा मोठा झालो. माझ्या अंगावर एक पुरळ उठलं नाही."

"तू तुझं सांगू नकोस. तुला माशीसुद्धा चावत नाही."

"माझं म्हणणं एवढंच, की आधी नीट कळू दे."

"कळेपर्यंत तिने खाजवत बसायचं का?"

तो बॉयलरपाशी गेला आणि बराच वेळ त्याच्याशी काहीतरी बोलत राहिला.

ताईकडे बटणची चंगळ होती. ताई तिला रोज दुकानात घेऊन जायची आणि बटण काचा नसलेल्या फ्रेमा चढवून गिऱ्हाइकांना हुकूम सोडायची, "आता वाच. आता?" धाकटी दर रविवारी भेटायला जायची. आधी ताईच्या न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची, तिथेच ठेवलेला ताईचा गाऊन चढवायची, आणि मग बाहेर येऊन खुर्चीवर बसायची. पोटच्या पोरीकडे पाहुण्यासारखी. बटण धावत आली की ही हात मागे घ्यायची. "लांबून, बटण, लांबून."

पहिल्यांदा बटण रडली. दुसऱ्यांदा रुसली. मग मुलंच ती, तिने त्याचा खेळ केला. खोलीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला आई. "लांबून टाळी!" म्हणायचं आणि हवेतच हात मारायचा. धाकटी टाळी द्यायची, हसायची, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची.

आणि सगळ्यात वाईट हे, की बटण सुधारत होती. दुसऱ्या रविवारपासून फ्रॉक वर करून बघावं तर फोड नाहीत, नुसत्या वाळलेल्या खपल्या.

"बघ," ताई म्हणायची, "जुनेच आहेत, वाळतायत. नवीन काही नाही."

"बरं झालं गं ताई," धाकटी म्हणायची. तिला खरंच बरं वाटायचं, आणि लगेच ती आपल्या हातांकडे बघायची. म्हणजे डॉक्टर खरं बोलले. म्हणजे मीच.

तरी नवरा हट्टाने मोठ्या इस्पितळातल्या कातडीच्या डॉक्टरांचा नंबर लावून आला. या डॉक्टर वयाने धाकटीएवढ्याच, केस विंचरायला विसरल्यासारख्या, पण बटणला टेबलावर न चढवता स्वतःच खाली उकिडव्या बसल्या. त्यांनी भिंग लावून एकेक खपली पाहिली. रिंगणाच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"हे गोलात येतात का? जुन्याच्या कडेने नवे?"

"हो. अगदी तसेच यायचे," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांचे डोळे चमकले. "मला शंका आहे, पण शंकेवर औषध देता येत नाही. एक बारीकसा तुकडा काढून तपासू."

तुकडा काढताना बटणला ताईने धरलं होतं. धाकटी दाराशी, लांबून. सुई टोचली तेव्हा बटणने फोडलेली किंकाळी बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू गेली असेल. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. आणि एवढं करून रिपोर्ट आला तो कोरा. खपलीच्या तुकड्यात वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"सुकलेल्या जागेतून काही कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला ताजा फोड हवा. न फुटलेला. आणि त्याच्या शेजारचं चांगलं कातडं. आला की कुठलाही वार असू दे, थेट या. नंबर लावायचा नाही. कुणी फोडत तर नाही ना?"

"छे, कोण फोडणार?" धाकटी म्हणाली.

तिने ताईला फोनवर बजावलं. "ताई, फोड दिसला की हात न लावता घेऊन निघायचं. मी थेट तिथे येते."

"येतच नाहीत गं आता," ताई म्हणाली. "नसतील यायचे. झालं असेल बरं."

पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. मग एकदा ताई चाचरत म्हणाली, "शाळा सुरू होतील आता. इकडे कोपऱ्यावरच बालवाडी आहे. तिचं नाव घालून ठेवू का? म्हणजे, तुझं मन असेल तर. तिला इकडचं मानवतंय..."

"घाल," धाकटी म्हणाली.

घरी आल्यावर ती डाग काढायच्या टेबलाशी बसली. समोर कुणाचातरी पांढरा शर्ट होता. खिशाखाली शाईचा डाग. तिने त्यावर औषधाचा थेंब सोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच डाग पसरत असताना नुसती बघत राहिली.

मग आला तो बुधवार. सकाळी सकाळीच बॉयलरने एक लांब सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला. नवऱ्याने गोंजारलं, दटावलं, शेवटी पान्याने दोन ठेवून दिल्या. काही नाही. मेकॅनिक दुपारनंतर येणार. वाफ नाही म्हणजे काम नाही.

"जा की पोरीकडे," नवरा म्हणाला. "रविवारपर्यंत कशाला थांबायचं? बॉयलरच सुट्टी देतोय."

"ताईला कळवायला हवं."

"सख्ख्या बहिणीकडे जायला काय अर्ज करायचाय?"

ती निघाली. ताईच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पाण्याचा आणि बटणच्या बडबडीचा आवाज. धाकटी न्हाणीघराच्या दाराशी गेली आणि थबकली.

बटण टबात उभी होती, नागडी, एका हाताने भिंत धरून. तिच्या पोटावर आणि मांड्यांवर फोडांची रिंगणंच रिंगणं होती. टम्म, चकचकीत, पाण्याने भरलेली. ताई गुडघ्यांवर बसलेली. शेजारी स्टुलावर उकळलेल्या पाण्याची वाटी, कापूस, आणि ताईच्या हातात सुई.

"हलू नकोस हं, माझी शहाणी," ताई म्हणत होती. "एवढा एकच. मग पावडर लावू. दुखतं का?"

"गुदगुल्या होतात," बटण म्हणाली. मग तिने दाराकडे पाहिलं. "आई! आज रविवार आहे?"

ताईच्या हातातली सुई वाटीत पडली.

नळ तेवढा गळत होता.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"पहिल्यापासून," ताई म्हणाली. तिने मान वर केली नाही. "गेलेच नाहीत गं कधी. इथे आली त्या आठवड्यातच नवे उठले. तू पहिल्या रविवारी आलीस तेव्हा ते घरूनच आलेले समजून जिन्यात बसून रडलीस. मी वरून ऐकत होते. म्हटलं, पुढच्या वेळी हिला बरं दिसू दे. निदान एक दिवस तरी. शनिवारी सुईने पाणी काढून टाकलं की रविवारपर्यंत वाळल्यासारखं दिसायचं. मग ते करतच गेले. तू हसायला लागलीस, मग सांगायचं कसं? आता ते जरा फुगले की मला राहवतच नाही, शनिवारची वाटसुद्धा बघत नाही."

"आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर?"

"परत तुकडा काढतील म्हणून." ताईचा आवाज फुटला. "तू दाराशी होतीस. मी धरलं होतं तिला. तिचं काळीज माझ्या हातात धडधडत होतं, पाखरासारखं. मला नाही गं ते परत जमायचं. शिव्या दे मला. काय हवं ते बोल."

धाकटीच्या तोंडावर खूप काही आलं होतं. एवढे दिवस! एवढे रविवार! पोरीचं नाव बालवाडीत घालायला निघालीस! ती बोलणार एवढ्यात तिची नजर पुन्हा बटणच्या पोटाकडे गेली, आणि मनात दुसरंच काहीतरी हललं.

"ताई," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे इथेही येतात?"

"हो ना. तेच तर..."

"लाँड्री नसताना? वाफ नसताना? मी हात न लावता?"

ताईने आता कुठे वर पाहिलं. धाकटी हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडाने हसू, वेड लागल्यासारखं. तिने न धुतलेले हात पुढे केले, टबातली ओलीचिंब पोर उचलली आणि छातीशी धरली, फोड चेपू नयेत म्हणून जरा तिरकी, पण घट्ट.

बटण दचकली. तिने आईच्या खांद्याला ढकललं आणि रागावून म्हणाली, "आई, लांबून ना!"

"नाही," धाकटी म्हणाली. "संपलं ते. आता लांबून नाही."

मग तिघींची जी वरात निघाली ती त्या बसमधले लोक अजून विसरले नसतील. एकही फोड फुटता कामा नये. बटणला सैल झबलं घातलं होतं, खाली काही नाही. तिला बसवायचं नाही, कारण मांड्यांवर फोड. कडेवर घ्यायचं नाही, कारण पोटावर फोड. म्हणून ती सीटवर उभी आणि दोन्हीकडून दोघी पहारेकऱ्यांसारख्या. बसला धक्का बसला की दोघींच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघायचं.

"मुलीला बसवा ना, पडेल," कंडक्टर म्हणाला.

"नाही बसवत," ताई म्हणाली.

"का?"

"फुटेल," धाकटी म्हणाली.

कंडक्टरने एकदा बटणकडे पाहिलं, एकदा या दोघींकडे, आणि पुढे निघून गेला. कशी कोण जाणे, ताईलाच आधी हसू फुटलं. मग धाकटीला. मग काही न कळता बटणही खिदळायला लागली आणि दोघी एकदम ओरडल्या, "हसू नकोस, पोट हलतंय!"

डॉक्टरांनी झबलं वर केलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा! काय सुंदर!" मग जीभ चावून म्हणाल्या, "माफ करा हं. पण किती वाट पाहिली मी याची."

"दोन तुकडे लागतील," त्या म्हणाल्या. "एक फोडाच्या कडेचा. एक शेजारच्या चांगल्या कातडीचा. हा दुसरा महत्त्वाचा. तो वेगळ्या बाटलीत, वेगळ्या पाण्यात जातो. आधी बधिर करणारं मलम लावून ठेवू, म्हणजे सुईसुद्धा फारशी लागणार नाही. कोण धरणार?"

ताईने एक पाऊल मागे घेतलं.

"मी," धाकटी म्हणाली.

तिने बटणला मांडीवर घेतलं. किती दिवसांनी ते वजन मांडीवर आलं होतं! पूर्वीपेक्षा जड वाटलं, ताईने खाऊ घालून घालून केलेलं. "बटण, आपण मोठ्याने कपडे मोजू या. लाँड्रीत काय काय टांगलंय?" "कोट," बटण म्हणाली. "निळा. आणि त्या जाड्या काकांची पँट. आणि... आई गं!" "आणि पडदे," धाकटी म्हणाली. "फुलांचे," बटण हुंदका देत म्हणाली, आणि तेवढ्यात झालंसुद्धा.

दाराशी उभी असलेली ताई डोळे मिटून भिंतीला टेकली होती. "झालं का?" तिने विचारलं. बटणनेच उत्तर दिलं, "झालं, माऊ. उघड डोळे. आता वाच."

रिपोर्ट यायला वेळ लागला. आला तेव्हा डॉक्टरांनी तिघांना बोलावलं, नवऱ्यालाही. कॉम्प्युटरवर एक चित्र होतं. सगळं काळं, आणि मधून एक हिरवीगार, चमकती, बारीक रेघ. कुणी अंधारात दोरा ओढावा तशी.

"ही तुमच्या मुलीची कातडी," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची लाँड्री आहे ना? मग कोटाचंच सांगते. वरचं कापड आणि आतलं अस्तर, मध्ये शिवण. कातडीलाही थर असतात आणि त्यांना धरून ठेवणारी अशीच शिवण असते. आपल्या रक्तात पहारेकरी असतात, बाहेरून येणाऱ्या जंतूंना पकडणारे. हिच्या पहारेकऱ्यांची गफलत झालीय. ते घरच्याच शिवणीला चोर समजून तिच्यावर जाऊन बसलेत. ही हिरवी रेघ म्हणजे तेच, रांगेने बसलेले. ते शिवण उसवतात, अस्तर सुटतं, आत पाणी भरतं. तोच फोड."

"म्हणजे अस्तर सुटलंय," नवरा म्हणाला. एवढं सगळं ऐकून त्याला पहिल्यांदाच धीर आल्यासारखा दिसला. अस्तर सुटलेले कोट त्याने खूप पाहिले होते.

"याला लिनिअर आयजीए म्हणतात. फार क्वचित होतो. लहान मुलांना झाला तर बहुतेकदा काही वर्षांत आपोआप विझतो. तोवर औषधाने दाबून ठेवायचा."

"आणि हे..." धाकटीने चित्राकडे बोट केलं. "हे साबणाने होतं? लाँड्रीतल्या औषधांनी? माझ्या हातांनी?"

"नाही."

"परत सांगा."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. हातातलं पेन खाली ठेवलं. "साबणाने नाही. लाँड्रीने नाही. तुमच्या हातांनी नाही. एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. तिला घ्या, कुरवाळा, जवळ घेऊन झोपा. हवं तर रोज येऊन विचारा, मी रोज हेच सांगेन."

ताई पर्समधून रुमाल काढायला गेली आणि चष्म्याची दोरी, किल्ल्या, सुट्टी नाणी सगळं जमिनीवर सांडलं. ते गोळा करण्याच्या निमित्ताने ती बराच वेळ टेबलाखालीच राहिली.

बटण घरी आली, पण औषध लगेच मिळालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, काहींच्या रक्तात एक घटक जन्मतःच कमी असतो, त्यांना हे औषध दिलं तर तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा आधी रक्त तपासायचं. ते नीट निघालं. मग गोळी सुरू झाली, अगदी चिमुकला भाग, दुधात विरघळवून. डॅप्सोन नावाचं जुनं औषध. "फोनवर शोधलंत तर कुष्ठरोगाचं औषध म्हणून दिसेल, घाबरू नका," असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तरी नवऱ्याने शोधलंच, घाबरलाच, आणि मग बॉयलरला सगळं समजावून सांगितलं. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त द्यावं लागायचं. ओठ निळसर दिसले, पोर दमली, लघवी काळपट झाली तर लगेच या, असं सांगितलेलं. धाकटी डोळ्यांत तेल घालून बटणच्या ओठांकडे बघायची. एकदा ते खरोखर निळे दिसले आणि ती पोरीला उचलून निघालीसुद्धा. मग कळलं की पोर शाईचं पेन चावत होती.

काही दिवसांनी आंघोळ घालताना धाकटीच्या लक्षात आलं, की ती बोटांनी शोधतेय आणि सापडत काही नाही. पोट, मांड्या, काखा. जुन्या जागी नुसत्या फिकट गोल खुणा, चहाचा कप उचलल्यावर राहतात तशा. पूर्वी तिला अशी खूण दिसली असती तर हात शिवशिवले असते. आता तिने नुसता हात फिरवला. या राहिल्या तरी चालणार होत्या.

ताईकडच्या बालवाडीतून नाव काढून लाँड्रीजवळच्या बालवाडीत घातलं. ते सांगायला फोन केला तेव्हा ताई म्हणाली, "बरं झालं, बरं झालं," आणि लगेच, "तिच्या फ्रेमा माझ्याकडेच राहिल्यात गं. त्या देऊ की ठेवू?"

रागाचं एक टोक धाकटीत अजून होतं. मधूनच टोचायचं. पण एका लहान मुलीच्या कपाळावर गार पट्ट्या बदलणारी ताईही तिला आठवत होती. तेव्हाही तापमापक झटकून ताई म्हणायचीच, "उतरला बघ." उतरलेला नसायचा. ते ऐकून बरं मात्र वाटायचं.

"ठेव तिकडेच," ती म्हणाली. "येणारच आहे ती. आणि तू ये. पण एक अट. कळवून यायचं नाही. मीही येणार नाही कळवून. जे असेल ते दिसू दे."

"आणि मी स्वयंपाक केला नसेल तर?"

"उपाशी परत जाईन, आणि सगळ्यांना सांगत फिरेन."

पाळीपाळीने दोघी तसंच करत राहिल्या. बटणची बालवाडी रुळली, कोटांचे दिवस आले, गेले. रक्त नीट होतं, फोड नव्हते, म्हणून डॉक्टरांनी गोळी थोडी कमी करून पाहिली. आणि एका दुपारी काउंटरवर पाय सोडून बसलेली बटण एकदम किंचाळली.

"आई! नवीन आला!"

धाकटी टेबलावरून उठून धावली. नवरा मशीन तसंच सोडून आला. गुडघ्याच्या वर एक फोड. एकच. वाटाण्याएवढा, टम्म. आणि नेमकी तेव्हाच दुकानाच्या दारात ताई उभी, न कळवता, हातात फ्रेमांची पिशवी.

ताईने फोड पाहिला. तिचा हात सवयीने पर्सकडे गेला. धाकटीने तो जाताना पाहिला.

ताईने पर्समधून आपला चष्मा काढला, नाकावर चढवला आणि खाली वाकली.

"माऊ, हात लावायचा नाही," बटणने दम दिला. "फक्त बघायचं."

"बघतेच आहे, आजीबाई." ताईने डोळे बारीक केले. "एकच आहे गं. ताजा. आजूबाजूला काही नाही." मग धाकटीकडे वळून म्हणाली, "फोन लाव डॉक्टरांना. जसं आहे तसं सांग."

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, गोळी पुन्हा पहिल्यासारखी, आणि एक-दोन फोड असे अधूनमधून येतीलच, त्यांना भिऊ नका. सोमवारी दाखवून जा.

"ऐकलंस?" धाकटीने पोरीला उचलून कडेवर घेतलं. हातांना औषधाचा वास होता, बाहीवर वाफ होती. बटणने आईच्या खांद्यावर नाक घासलं आणि शिंकली.

मागून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, मशीनमध्ये पांढऱ्या कपड्यांत कुणाचा तरी लाल मोजा गेलाय!"

"जवळून टाळी," बटण आईला म्हणाली, आणि दिली ती सरळ तिच्या गालावरच. मग दोघी बहिणी बाह्या सरसावून मागच्या खोलीत पळाल्या.